कॅनडाला जाऊ का, मावशी?

हातातलं काम चालू ठेवा, पण जमलं तर वही-पेन जवळ घेऊन बसा. आज थोडे आकडे सांगणार आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी माझी भाची आणि जावई घरी आले. भाची बी.एस्सी. नर्सिंग झालेली आहे आणि कराडच्या एका दवाखान्यात सात वर्षं काम करते. वय एकतीस. जावई मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कारखान्यात सुपरवायझर आहेत. मुलगा चार वर्षांचा. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले, गावी सासूबाई एकट्या असतात. विहिरीवरचं अडीच एकर रान आहे, ऊस असतो.

चहा झाला तशी भाची म्हणाली, "मावशी, कॅनडाला जायचं चाललंय. एक सल्लागार भेटलेत. अठरा लाखांत सगळं करून देतो म्हणतात, नोकरीच्या पत्रासकट. एक एकर विकावं लागेल. तुम्ही राहून आलाय तिकडं. जाऊ का?"

मी आणि माझे यजमान २०१० साली कॅनडाला गेलो, टोरांटोजवळ आठ वर्षं राहिलो आणि २०१८ ला परत आलो. त्यामुळे अशा प्रश्नासाठी लोक माझ्याकडे येतात. काहींना वाटतं, मी परत आले म्हणजे जाऊ नका असं सांगणार. काहींना वाटतं, आठ वर्षं राहिले म्हणजे जा असं सांगणार. मी दोन्ही सांगत नाही. त्या दिवशीही सांगितलं नाही. मी लेकीची जुनी वही काढली, एका कोऱ्या पानावर पाच मथळे लिहिले आणि म्हटलं, "हे पान आधी भरू. मग तुमचं तुम्हालाच कळेल."

ते पाच मथळे असे: कागद, पैसा, काम, माणसं आणि परतीची वाट. तेच आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्या घरातलं कोणी कॅनडाऐवजी ऑस्ट्रेलियाला किंवा इंग्लंडला निघालं असेल तर नियम आणि आकडे वेगळे असतील, पण मथळे हेच राहतील.

पहिला मथळा : कागद

परदेशी जाताना सगळे पगाराचं विचारतात. बाईनं आधी विचारावं, मी कुठल्या कागदावर जातेय आणि तो कागद कोणाच्या नावावर आहे?

कारण कागदाप्रमाणे बाईची परिस्थिती बदलते. आखातात माणूस कमवायला जातो. करार संपला की परत यावं लागतं. अमेरिकेत नवरा एच-वन व्हिसावर गेला तर बायको एच-फोर व्हिसावर जाते, आणि त्या व्हिसावर तिला सहसा नोकरी करता येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल, तरच २०१५ पासून तिला कामाची परवानगी मागता येते. इथे बँकेत अधिकारी असलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या किती तरी मुली तिकडे वर्षानुवर्षं घरात बसल्या आहेत. त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही. कागद परवानगी देत नव्हता.

कॅनडाचा कायमच्या रहिवासाचा परवाना, ज्याला सगळे पीआर म्हणतात, तो वेगळा आहे. कुटुंबानं मिळून अर्ज केला तर नवऱ्याला वेगळा पीआर मिळतो आणि बायकोला वेगळा. उतरल्यापासून दोघंही काम करू शकतात. उद्या दुर्दैवानं संसार मोडला, तरी तेवढ्या कारणानं तिचा पीआर जात नाही. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती फायद्याच्या बाजूला लिहा.

हा पीआर बहुतेक जण एक्सप्रेस एंट्री नावाच्या पद्धतीतून मागतात. ती २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली. त्यात वय, शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषा आणि कामाचा अनुभव यांना गुण असतात आणि जास्त गुण असलेल्यांना बोलावणं येतं. वयाचे पूर्ण गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मिळतात. तिशीनंतर दरवर्षी थोडे थोडे कमी होतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. २०२३ पासून काही कामांसाठी वेगळी बोलावणी निघतात. त्यात आरोग्यसेवेतली कामं आहेत, म्हणजे नर्सही आल्या.

इथे जावई म्हणाले, "सल्लागार म्हणाले, अर्ज पुरुषाच्याच नावानं करायचा असतो."

मी म्हटलं, "असा नियम कुठेच नाही. दोघांपैकी ज्याचे गुण जास्त त्यानं मुख्य अर्जदार व्हावं. तुमच्या घरात बी.एस्सी. नर्सिंग आणि सात वर्षांचा अनुभव कोणाकडे आहे?" जावई हसले. माणूस चांगला आहे. पण हा प्रश्न घरात कोणी काढलाच नव्हता.

दुसरी गोष्ट त्या नोकरीच्या पत्राची. एक्सप्रेस एंट्रीत नोकरीच्या पत्राला जे जादा गुण मिळायचे, ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. शिवाय कॅनडात नोकरी विकणं हा गुन्हा आहे. जो सल्लागार पत्राचे पैसे मागतो, तो एक तर तुम्हाला फसवतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. खोटा कागद सापडला तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. सल्लागार मात्र दुसरं गिऱ्हाईक बघतो.

पैसे घेऊन कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला फक्त तिथला वकील किंवा तिथल्या सल्लागार परिषदेचा परवाना असलेला माणूसच देऊ शकतो. त्या परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे की नाही ते कुणालाही फुकट बघता येतं. भाचीनं माझ्यासमोर मोबाइलवर बघितलं. त्या सल्लागाराचं नाव यादीत नव्हतं. आणि मुळात हा अर्ज आपला आपण भरता येतो, सल्लागार लावलाच पाहिजे असं नाही.

दुसरा मथळा : पैसा

इथे सगळ्यांची एक चूक होते. तिकडचा पगार रुपयांत गुणतात आणि खर्च मात्र इथलाच डोळ्यांपुढे ठेवतात.

आपण हिशेब करू. टोरांटो ज्या ऑन्टॅरिओ प्रांतात आहे, तिथे ऑक्टोबर २०२५ पासून किमान मजुरी तासाला १७ डॉलर ६० सेंट आहे. आठवड्याला साडेसदतीस तास काम केलं तर महिन्याला साधारण २,८६० डॉलर होतात. डॉलर साठ-बासष्ट रुपयांचा धरला तर झाले पावणेदोन लाख. गावात सांगितलं की लोक तोंडात बोटं घालतात. आता त्यातून कर, पेन्शन आणि विमा कापून हातात जेमतेम चोवीसशे-पंचवीसशे डॉलर येतात. टोरांटोच्या आसपास एका झोपायच्या खोलीचं घर दोन हजार डॉलरच्या खाली मिळणं कठीण. म्हणजे एकाची कमाई जवळजवळ घरभाड्यातच गेली. दुसऱ्याच्या कमाईत किराणा, बस किंवा गाडी, फोन, थंडीचे कपडे आणि मुलाला सांभाळायची सोय. किमान मजुरीवर दोघं राबले तर घर चालतं, पण शिल्लक पडत नाही. शिल्लक आपल्या शिक्षणाचं काम मिळाल्यावर पडते. लहान गावात किंवा दुसऱ्या प्रांतात भाडं कमी असतं, पण मग काम कुठलं मिळतं ते बघावं लागतं.

आता जाण्याआधीचा खर्च. तिकडे नोकरी नसताना पीआरवर जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांपुरते पैसे आपल्याकडे आहेत हे दाखवावं लागतं. जुलै २०२५ च्या दरानं तीन माणसांना २३,३६० डॉलर, म्हणजे सव्वाचौदा लाखांच्या आसपास. हा आकडा दरवर्षी बदलतो. आणि ऐका, हे पैसे उसने आणून दाखवलेले चालत नाहीत. जमीन किंवा घर आहे, त्याची किंमत धरा, तेही चालत नाही. स्वतःच्या खात्यात रोकड लागते, आणि ती गेल्या सहा महिन्यांत खात्यात कशी राहिली हेसुद्धा बँकेच्या पत्रात दिसतं. सरकारी शुल्क वेगळं. २०२४ च्या दरानं दोन मोठी माणसं आणि एक मूल मिळून ३,३१० डॉलर, म्हणजे दोन लाख रुपये. त्यावर वैद्यकीय तपासणी आणि तिकिटं.

जावई म्हणाले, "म्हणजे एकर विकावंच लागणार."

मी म्हटलं, "थांबा. पाचव्या मथळ्यापर्यंत जाऊ, मग एकराचं बोलू."

पैशाच्या खाली फायदेही लिहिले, कारण तेही खरे आहेत. बारावीपर्यंत सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या. डॉक्टरांकडे जाणं, दवाखान्यात भरती होणं, बाळंतपण यांचं बिल प्रांताच्या आरोग्य विम्यातून भागतं. मात्र औषधं, दात आणि चष्मा यांचा खर्च बराचसा आपला आपल्याला करावा लागतो, आणि कुटुंबाचा कायमचा डॉक्टर मिळायला पुष्कळ थांबावं लागतं. लहान मुलांसाठी सरकार दर महिन्याला भत्ता देतं. कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर भत्ता जास्त. आई-वडील एकत्र राहत असतील तर तो सहसा आईच्या नावानं येतो. माझ्या आयुष्यात माझ्या नावावर नेमानं जमा झालेले ते पहिले पैसे. त्या खात्याची मला फार सवय झाली होती, हे कबूल करते.

तिसरा मथळा : काम

मी इथे डी.एड. झालेली शिक्षिका होते. तिकडे पहिली दोन वर्षं गोदामात खोकी भरली. रात्रपाळीला उभं राहून राहून पाय सुजायचे. कामाची लाज मला वाटली नाही. पण सकाळी घरी येऊन आईला फोन केला की ती विचारायची, "शाळा मिळाली का गं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. नंतर मी पाळणाघरात मदतनीस झाले आणि आठ वर्षं तिथपर्यंतच पोचले.

हे का होतं ते समजून घ्या. पीआर देणारं सरकार तुमच्या पदवीला गुण देतं. पण नर्स, शिक्षक, डॉक्टर, फार्मासिस्ट यांना काम करायचा परवाना प्रत्येक प्रांताची वेगळी परिषद देते. गुण मिळाले म्हणजे परवाना मिळाला असं नाही. या दोन वेगळ्या खिडक्या आहेत, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक पहिल्या खिडकीवर पास झाले की पेढे वाटतात.

नर्सचं सांगायचं तर तिथल्या नोंदणीकृत नर्सला एनक्लेक्स-आरएन नावाची परीक्षा द्यावी लागते. त्याआधी आपलं शिक्षण आणि अनुभव तपासून घ्यावा लागतो. कॉलेजातून, इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून कागद थेट तिकडे जावे लागतात. जीएनएम केलेल्या मुलींना काही वेळा खालच्या दर्जाची नर्स म्हणून धरतात किंवा आणखी शिकायला सांगतात. बी.एस्सी. झालेल्यांना वाट थोडी सोपी असते, पण फुकट मात्र नाही. या सगळ्याला महिनोन्‌महिने जातात.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट अशी. यातलं बरंचसं काम कराडला बसून करता येतं. कागद तपासायला पाठवणं, अभ्यास करणं, एवढंच काय, ती परीक्षासुद्धा भारतातल्या केंद्रावर देता येते. जी मुलगी परवान्याचं काम इथूनच पुढे नेऊन विमानात बसते, तिचं तिकडचं पहिलं वर्ष वेगळं जातं. जी तिथे उतरल्यावर सुरुवात करते, ती आधी भाडं भरायला मिळेल त्या कामाला लागते आणि मग अभ्यासाला वेळच उरत नाही. मी दुसऱ्या प्रकारातली. मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

जावयांच्या कामाचंही लिहिलं. डिप्लोमावर सुपरवायझरची जागा लगेच मिळत नाही. आधी मशीनवर उभं राहावं लागेल. मी त्यांना सरळ विचारलं, "बायकोचा पगार तुमच्या दुप्पट झाला आणि संध्याकाळी मुलाला आणून भाकरी तुम्ही थापायची वेळ आली तर?" ते म्हणाले, "भाकरी येत नाही, भात लावीन." मी तेही पानावर लिहून ठेवलं.

चौथा मथळा : माणसं

याला आकडा लावता येत नाही, म्हणून लोक हा रकाना कोरा ठेवतात.

आपली सकाळ असते तेव्हा टोरांटोला आदली रात्र असते. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. बर्फ पहिल्या दिवशी छान दिसतो. नंतर चार-पाच महिने मुलाला बूट, टोपी, हातमोजे, कोट चढवता चढवता बाईचा जीव जातो. शेजारीण चांगली असते, पण "जरा पोराकडं बघ गं" असं दारातून हाक मारून सांगता येत नाही. बाळंतपणात डोक्याला तेल लावणारं कोणी नसतं. नवरा-बायको एकमेकांचे मित्र असतील तर या दिवसांत संसार घट्ट होतो. नसतील, तर भांडण सोडवायलाही घरात तिसरं माणूस नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. कोणी टोकत नाही. काय घातलं, कुठे गेली, किती वाजता आली, कोणी विचारत नाही. मी चाळिशीत गाडी शिकले ती तिकडे. बँकेत, दवाखान्यात, शाळेत एकटी जाऊन बोलायला शिकले ती तिकडे. काही बायकांना हा मोकळेपणा पगारापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यांचं चूक नाही.

आता म्हाताऱ्या माणसांचं. "एकदा आपण गेलो की आईलाही नेऊ," असं सगळे म्हणतात. आई-वडिलांना कायमचं न्यायची योजना आहे, पण थोड्याच लोकांना संधी मिळते आणि निवड सोडतीसारखी होते. त्या भरवशावर राहू नका. सुपर व्हिसा नावाचा एक पाहुण्यांचा व्हिसा आहे. त्यावर आई-वडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरावीक असावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसाचा खासगी आरोग्य विमा काढावा लागतो. वय आणि दुखणी वाढली की तो विमाही महाग होतो. आणि अंगणात, रानात वावरलेल्या बाईनं सातव्या मजल्यावर पाच महिने खिडकीतून बर्फ बघत बसायचं, हेही विचारात घ्या.

माझे वडील २०१५ च्या जानेवारीत गेले. फोन आला तेव्हा तिकडे रात्र होती. तिकीट मिळेपर्यंत दुपार झाली. मध्ये एक विमान बदलून, मुंबईला उतरून, तिथून गाडीनं गावी पोचले तेव्हा राख सावडूनही झाली होती. भावानं थांबायची तयारी केली होती, मीच फोनवर "थांबू नका" म्हटलं. जो जातो त्यानं हा दिवस येणार हे धरूनच जावं. त्याला इलाज नाही. पण आधी बोलून ठेवता येतं.

म्हणून मी भाचीला विचारलं, "सासूबाईंना विचारलंत का?" दोघंही गप्प झाले. त्यांना सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

पाचवा मथळा : परतीची वाट

हा मथळा सगळ्यात महत्त्वाचा, आणि जाण्याच्या गडबडीत तोच राहून जातो. जायचं की नाही यापेक्षा, नाही जमलं तर परत येता येईल का, हा प्रश्न मोठा आहे. परतीची वाट मोकळी असेल तर जाण्यात भीती कमी असते. ती तोडून गेलात तर तिकडे वाईट दिवस आले तरी माणूस अडकून पडतो. आणि अडकलेली बाई पुष्कळ काही सोसत राहते.

आधी कागदाची परतीची वाट. पीआर टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. तिथलं नागरिकत्व मागायला पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलेलं असावं लागतं. पीआर असेपर्यंत तुम्ही भारताच्याच नागरिक असता. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की आपलं भारताचं नागरिकत्व जातं, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. मग ओसीआय कार्ड काढता येतं. त्यावर कधीही येता येतं, राहता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन मिळू शकते. विकत घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता एकराकडे येऊ. आज विकलेलं विहिरीवरचं एकर उद्या पैसे आले तरी त्याच भावात, त्याच बांधाला मिळणार नाही. आणि तोवर पासपोर्ट बदलला असेल तर घेताच येणार नाही. मी जावयांना म्हटलं, "तुमच्या आईला महिन्याचे पैसे त्या रानातून येतात. तुम्ही परतीची वाट विकून जायचं तिकीट काढताय."

बायकांसाठी आणखी एक सांगते. निघायच्या घाईत भाऊ किंवा दीर म्हणतात, "तू तर चाललीस, इथे एक सही करून जा." हक्कसोडपत्रावर अशी घाईत सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि परदेशी गेल्यानं तो जात नाही. सोडायचा असेल तर सोडा, पण विचार करून. कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर एखाद्या कामापुरतं द्या, सगळ्या अधिकारांचं नको. बँकेलाही कळवा; कायमचं बाहेर राहणाऱ्याला इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलावं लागतं.

मुलांच्या परतीचंही वय असतं. माझी मुलगी सहावीत असताना आम्ही आलो, कारण सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. मुलगी मराठी बोलायची, पण वाचता येत नव्हतं. वर्गात पहिलं वर्ष तिनं रडून काढलं. आज ती बरी आहे, पण दोन-तीन वर्षं आधी आलो असतो तर सोपं गेलं असतं. दहावीच्या तोंडावर आलो असतो तर फारच अवघड झालं असतं. म्हणून जाणाऱ्यांना मी म्हणते, मूल चौथी-पाचवीत जाईल तेव्हा पुन्हा एकदा हे पान काढून बसा.

आणि मैत्रिणींनो, नात्यातली परतीची वाट. नुसत्या लग्नाच्या आधारानं परदेशी जाणाऱ्या मुलींनी आपला पासपोर्ट आपल्याच ताब्यात ठेवावा. त्याच्या, व्हिसाच्या, लग्नाच्या नोंदणीच्या प्रती आईकडे ठेवाव्यात. आपल्या दूतावासाचा नंबर पाठ करावा. नवऱ्यानं टाकलं, छळ झाला, तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

पान भरल्यावर

पान भरायला अडीच तास लागले. मुलगा तोवर सोप्यावर झोपून गेला होता. फायद्याची बाजू रिकामी नव्हती. स्वतःच्या नावाचा कागद, मुलाची शाळा, नर्सला मान आणि पगार, मोकळेपणा. तोट्याची बाजूही रिकामी नव्हती. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची, जावयांचं काम खाली जाणार, आई एकटी, लांबचा पल्ला.

पुढच्या रविवारी दोघं गावी जाऊन सासूबाईंपुढे बसले. त्या म्हणाल्या, "जा की. मी कोण अडवणारी? पण मला एवढंच सांगा, मी पडले तर पहिल्या दिवशी कोण येईल?" दोघांनी पैसा, व्हिसा, शाळा सगळ्यांचा विचार केला होता, पण पहिल्या दिवसाचा केला नव्हता. मग नणंदेला बोलावून घेतलं. ती तासाभरावर राहते. पहिल्या दिवशी ती येईल, दर महिन्याला तिच्या हातात खर्चाला पैसे राहतील, असं तिच्यासमोर ठरलं. ऐनवेळचं एका माणसाचं तिकीट लाखाच्या घरात जातं, म्हणून तेवढ्या रकमेची वेगळी ठेव बँकेत ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही, असंही ठरलं.

एकर विकायचं नाही, हे पक्कं झालं. सल्लागाराला नाही म्हणून कळवलं. आत्ता भाची इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. परीक्षा आणि पदवीची तपासणी मिळून एका माणसाचे चाळीस हजारांच्या आसपास जातील. गुण पुरेसे आले तर तिच्या नावानं अर्ज करायचा, नर्सच्या परवान्याची तयारी सोबत चालू ठेवायची, आणि दाखवायचे पैसे दोघांच्या पगारातून आणि भिशीतून जमवायचे. त्याला दोन वर्षं लागतील. दोन वर्षांत वयाचे दहा-बारा गुण कमी होतील, हेही तिला ठाऊक आहे. नाहीच जमलं तर चाळीस हजार गेले, रान जागेवर आहे.

ती जाईल की नाही, मला माहीत नाही. गेली तर मी विमानतळावर सोडायला जाईन, नाही गेली तर कराडला चहाला जाईन.

तुमच्या घरातही असं कोणी निघालं असेल तर "जा" म्हणायची घाई करू नका आणि "जाऊ नको" म्हणायचीही नको. कोरं पान घ्या आणि पाच मथळे लिहा: कागद, पैसा, काम, माणसं, परतीची वाट. शेवटचा मथळा कोरा राहिला असेल, तर तो भरेपर्यंत काही विकू नका आणि कशावर सही करू नका.